शाई

थाबा-न्चूच्या वरच्या अंगाला आमची शाळा,
आणि शाळेत टाकाच्या निबेनं लिहिणारी मी एकटी.
म्हणून दर नोव्हेंबरात
प्रमाणपत्रांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो.
मी दौत शेगडीजवळ सरकवते.
लेसोथोच्या डोंगरात नोव्हेंबरचाही भरवसा नाही.

एरवी मी कारकून. फी घेते, घंटा देते,
हरवलेल्या मोज्यांच्या जोड्या लावते.
पण त्या दोन रात्री
अख्खी शाळा माझ्या मनगटातून जाते.

खाउहेलो लेफोले. गणितात पहिली.
तिचं नाव लिहिताना हात जरा रेंगाळला.
मार्चमध्ये ती फीची चिल्लर घेऊन आलेली,
रुमालात बांधून.
मी मोजायच्या आत तिनंच मोजली
आणि एक नाणं माझ्याकडून मागे ओढलं :
"हे जास्तीचं आहे, म्मे. ह्याचं मीठ आणायचंय."

मग रेत्सेलिसित्सोए. नाव लांब, ओळ आखूड.
अर्थ असा की, आमचं सांत्वन झालं.
ज्या घरातून आधी कुणी गेलेलं असतं
त्या घरातल्या बाळाला हे नाव मिळतं.
तेव्हा अक्षरं बारीक करायला मन होईना,
शेवटची दोन समासात गेली. जाऊ देत.
त्याला हजेरीचं बक्षीस.
रोज घोड्यावरून येतो, खांद्यावर घोंगडं, घोंगड्यात वह्या.
वर्षात दोनच खाडे.
मुख्याध्यापिकांनी कारण विचारलं
तर म्हणाला, "नदी घरी जाऊ देईना,
मग शाळेकडे तरी कशी येऊ देईल?"
ते वाक्य कुणालाच नीट कळलं नाही,
पण खाडे माफ झाले.

शेवटी तळाशी एक चिठ्ठी :
न्ताते मोखेले ह्यांचंही एक करावं.

न्ताते मोखेले. पदार्थविज्ञान, बावीस वर्षं.
पत्राद्वारे पदवी करायला बसले, दोनदा आपटले,
आणि ते लपवलं नाही.
निकालाचं पाकीट वर्गातच फोडायचे,
"नापास," म्हणायचे, आणि फळा पुसायला घ्यायचे.
तिसऱ्या खेपेला मुलांनी त्यांना धरून बसवलं.
मधल्या सुटीत खाउहेलो त्यांची गणितं तपासायची,
लाल पेननं,
त्यांच्याच सवयीप्रमाणे समासात "का?" असं लिहून.

ऑगस्टात बर्फ पडत होता, तेव्हा पाकीट आलं.
ह्या वेळी ते काहीच बोलले नाहीत.
फळा मात्र पुसला. कोरा होता तरी.

आता अडचण अशी,
की छापील कागदावर एकच शब्द : विद्यार्थी.
शिक्षकांसाठी वेगळा छापलेलाच नाही.
मी पट्टी घेऊन त्यांच्याकडे गेले,
म्हटलं, हा शब्द सरळ रेघेत खोडते,
वर सुबक अक्षरात दुसरा लिहिते.
चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी कागद पाहिला.
"असू दे, म्मे. शाई महाग झालीय."

समारंभाला सभागृह कमी पडलं.
आया खिडक्यांत उभ्या.
मुलीचं नाव झालं की बायका जीभ नाचवून
तो उंच, थरथरता आवाज काढत,
पत्र्याचं छप्पर त्याला जोड देई.
त्या गलक्यात न्ताते मोखेलेंचं नाव पुकारलं.
पुन्हा पुकारलं.
खुर्ची रिकामी.

ते बाहेर होते.
कर्ण्याच्या आवाजानं रेत्सेलिसित्सोएचा घोडा बुजला होता,
पोरगा आत बक्षीस घ्यायला,
म्हणून लगाम सरांच्या हातात.
ते दाराशीच आले, घोड्यासकट,
कोटावर फेस, टाय उलटा.
खाउहेलोनं कागद नेऊन दिला.
एक हात अडकलेला,
तेव्हा त्यांनी तो दातांत धरला
आणि मोकळ्या हातानं तिच्याशी हस्तांदोलन केलं.

घोडं हसलं, असं मुलं अजून सांगतात.
मी तसं पाहिलं नाही.
मी पाहत होते ते वेगळंच :
दातांखालच्या कागदावर शाई अजून ओली होती
आणि सरांच्या ओठाला
"विद्यार्थी"ची वेलांटी लागली होती, निळी.

मी रुमाल काढला,
आणि परत ठेवला.
दुसऱ्या दिवशी सोमवार. आठला घंटा दिली.
एका मोज्याची जोडी अजून लागलेली नाही.